बुधवारची गल्ली

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिली केस मिळाली. मिळाली असं म्हणायचं. खरं तर सिनियरांना नको होती. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "जमिनीच्या वापराचं झेंगट आहे. नकाशे, रंग, हरकती. तुमचे यजमान नगररचना कार्यालयात आहेत ना? मग घरच्या घरी शिकवणी." आणि डोळे मिटून बसले. ते विचार करतात की झोपतात, हे मला अजून कळलेलं नाही.

प्रकरण असं. जुन्या भागात पत्रेवाल्यांची एक गल्ली आहे. पेट्या, बादल्या, नरसाळी, धुराडी, पत्र्याचं म्हणून जे जे असतं ते तिथे बनतं. शहराचा नवा आराखडा निघालाय आणि त्यात ही गल्ली पिवळी रंगवलीय. पिवळा म्हणजे निवासी. तिथे राहायचं, ठोकायचं नाही. आराखडा असाच कायम झाला तर गल्लीला नवा परवाना नाही, नवं यंत्र नाही, हळूहळू गाशा गुंडाळायचा. हरकतीची सुनावणी याच महिन्यात आहे.

आता मला एवढंच कळत नाही की जिथे दिवसभर हातोडे चालतात ती गल्ली कुणाला निवासी वाटलीच कशी? पाहणी करणाऱ्याला डोळे नव्हते, कान तरी होते ना?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे गाजर चिरत होते. "कुठली गल्ली म्हणालीस?" मी परत सांगितलं. "हं," म्हणाले, आणि मग एकच गाजर इतका वेळ चिरत बसले की सासूबाई म्हणाल्या, "अरे, भाजी करतोयस की भुकटी?"

मी विचारलं, "तुम्ही पण होतात ना तेव्हा पाहणीच्या कामावर?" तर म्हणाले, "सगळेच होते. गॅस बारीक कर." गॅस बारीकच होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गल्लीत जाऊन आले. कानात अजून ठणठण चालू आहे. हरकत घेतलीय त्या पेटीवाल्या काकांनी मला बसायला एक नवी कोरी पेटी दिली आणि बोलायला सुरुवात केली. एक अक्षर ऐकू येईल तर शपथ. मी वकिली चेहरा करून मान हलवत राहिले. शेवटी त्यांची लेक माझ्या कानाशी येऊन ओरडली, "बाबा विचारतायत, चहात साखर किती!"

ही लेक मला आवडली. बाहेरची नोकरी सोडून बापाच्या हाताखाली आलीय. काकांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, म्हणून तिला पत्रा वाकवायचं यंत्र घ्यायचंय. यंत्राला जादा वीज हवी, विजेला परवाना हवा, आणि परवान्याच्या खिडकीवर तिला नकाशा दाखवला. तुम्ही पिवळ्यात आहात म्हणाले.

मी कायदा समजावून सांगितला. जो वापर आधीपासून चालू आहे तो चालू ठेवता येतो. पण वाढवता येत नाही. आणि एकदा का बंद पडला, की पुन्हा सुरू करता येत नाही.

काकांनी हातोडा खाली ठेवला. "म्हणजे मी आजारी पडायचं नाही?"

"तसं नाही, काका..."

"आणि मेलो तर?"

काकू आतून ओरडल्या, "आधी परवानगी काढा आणि मग मरा!"

मी हसले. लेक नाही हसली. म्हणाली, "ताई, बाबांचा हात चालतोय तोवर आम्ही कायद्यात आहोत. तो थांबला की हातोडा बंद. आणि मग यंत्रही नाही. म्हणजे मी सगळं शिकून करायचं काय?" पुस्तकात हा प्रश्न नव्हता.

१० फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर नियम वाचले. जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो. एका कलमात म्हटलंय की आराखडा करण्याआधी जागेवर जाऊन 'आज इथे काय चालतं' याचा नकाशा करायचा. दुसऱ्यात म्हटलंय की तो नकाशा बरोबर आहे असं धरून चालायचं. म्हणजे काय, तर बघून आलेला माणूस चुकला तरी गल्लीच चुकली म्हणायची! कप्पाळ माझं. मी चाळिशी उलटल्यावर वकील झाले ते हे वाचायला?

दुपारी सिनियरांनी एक डोळा उघडला. "यजमानांनी त्या गल्लीची पाहणी केली नव्हती ना? तसं असेल तर केस सोडावी लागेल हो."

"छे छे, ते कुठले," मी म्हटलं. पण म्हटलं, घरी एकदा विचारलेलं बरं.

घरी आले तर हे सगळं घर उलथंपालथं करून चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर. सासूबाई शांतपणे बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, वर हात लावा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच हरवले होते.

मी विचारलं, "त्या गल्लीत तुम्ही गेला होतात का हो कधी?"

"तू बुधवारी जाऊन बघ एकदा," म्हणाले.

"बुधवारी ती बंद असते, काकांनी सांगितलंय! काय बघू? डोंबल?"

"तरी जा."

हा काय प्रकार? मी विचारते काय, हे सांगतात काय. सासूबाई मधेच उठून गेल्या. या घरात कुणी प्रश्नाला उत्तर म्हणून देत नाही आणि मी बाहेर जाऊन उलटतपासणी करणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गेले. ह्यांचं ऐकून नाही, माझी फाईल गेल्या गुरुवारी काकांकडे राहिली होती म्हणून.

आणि अगं बाई! वळणावर मला वाटलं, मी गल्लीच चुकले. ठणठण नाही, धूर नाही, माणूस नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर चादरी, परकर, शर्ट, पडदे. खाली पोरं लंगडी खेळतायत. कुणाच्या दारावर पाटी नाही. असायची गरजच काय, गिऱ्हाईक पिढीजात. साधी लाकडी दारं, आत माणसं लोळतायत. निवासी म्हणजे किती निवासी! मी स्वतः रंग घेऊन आले असते तर पिवळाच दिला असता.

काकू चादर पिळत होत्या. "आज कुठे आलात, वकीलबाई? आज धुण्याचा वार. बाकीच्या दिवशी वाळत घातलं की संध्याकाळी काळं. म्हणून सगळी गल्ली बुधवारीच धुते."

मी तिथेच मटकन बसले. पाहणी करणारा बुधवारी आला होता! दुसरं काय असणार?

काकूंना विचारलं, तर त्यांना आठवत होतं. "आला होता की एक जण! माझ्या चादरींतून वाट काढत आला. हातात फळी, फळीला नकाशा लावलेला. घामाने निथळत होता बिचारा. पाणी प्यायला, आणि मग लागला इकडेतिकडे बघायला. म्हटलं काय हरवलं? तर चष्मा! आणि चष्मा कपाळावर! मी सांगितलं तेव्हा असा लाजला."

"त्याने विचारलं नाही, इथे काय चालतं म्हणून?"

"विचारलं ना. 'इथे तुम्ही राहता का?' मी म्हटलं, राहतो. सरकारी माणसाला विचारेल तेवढंच सांगायचं. फार घाईत होता. म्हणाला, मला आठवड्यात एवढाच वार मोकळा आहे."

सरकारी माणसं सगळी एकाच साच्यातली. हा आणि आमचे हे भेटले तर एकमेकांचे चष्मे शोधत बसतील.

घरी येऊन मी अक्षरशः नाचले. ह्यांना म्हटलं, "तुमचं खरं निघालं! कुठला तरी गाढव नेमका बुधवारी गेला होता!"

"हो," हे म्हणाले. "गाढवच."

सासूबाई म्हणाल्या, "जेवा आता."

१७ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. धड जेवत नाहीत. काल बसून सगळ्यांच्या चपला-बुटांना पॉलिश केलं, सासूबाईंच्या रबरी चपलेलासुद्धा. मी म्हटलं डॉक्टरकडे जाऊ, तर म्हणाले, "मला काय झालंय?"

आज सिनियरांनी युक्ती सांगितली. कार्यालय म्हणणार, पाहणी पथकाने केली, कुणी एकाने नाही. काकूंची आठवण ही पक्षकाराच्या बायकोची आठवण, तिला किती वजन? तेव्हा त्या माणसाला शोधून हजर करा अशी मागणी करा आणि उभं आडवं सोला. मी प्रश्न काढूनसुद्धा ठेवले. पहिला प्रश्न: "बाकीच्या दिवशी आपण कुठे होतात?" घाम फुटला पाहिजे.

घरी ह्यांना तो वाचून दाखवला. "चांगला आहे," म्हणाले. मग, "त्या माणसाचं काय होईल?"

"चौकशी होईल. झालीच पाहिजे. एका माणसाच्या आळसापायी अख्खी गल्ली उठायची म्हणजे काय!"

"आळशी नसेल."

"मग काय असेल?"

हे उठून पाणी भरायला गेले. मला राग आला. नवरा माझा आणि बाजू ऑफिसची घेतो! खरं लिहू? मला वाटतं ह्यांना माझं थोडं जड जातंय. इतकी वर्षं घरात फायली ह्यांच्याच यायच्या, आता माझ्याही येतात. पुरुषाची जात शेवटी.

पण लगेच वाटतं, असं कसं म्हणू? वकिलीच्या शेवटच्या परीक्षेला हेच तर मला रोज स्कूटरवरून न्यायचे. रोज पेपर, फक्त बुधवार मोकळा. मला फार भीती वाटायची म्हणून पेपर संपेपर्यंत हे समोरच्या कठड्यावर बसून राहायचे, मला खिडकीतून दिसतील असे. मी विचारायचे, कंटाळा नाही येत? तर म्हणायचे, छे. ऑफिसातून कसे सुटायचे कोण जाणे. तेव्हा घराला आग लागली असती तरी मला कळलं नसतं, हे कुठून विचारणार.

तर असा माणूस आता का जळेल माझ्यावर? काहीच उमगत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी प्रश्नांची फाईल घेऊन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनावणी झाली. आज नाही लिहिलं तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी हे माझ्याआधी निघून गेले. इस्त्रीचा शर्ट घालून. डबा ओट्यावरच. मी म्हटलं विसरले.

छोटीशी खोली. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई, बाजूला कार्यालयाचा एक माणूस, समोर आम्ही. काका पुढे, काकू आणि लेक मागे. मी बोलले. बरं बोलले असं सिनियर नंतर म्हणाले. बुधवार सांगितला, धुणं सांगितलं, काकूंना उभं केलं. त्यांनी चष्म्याची गोष्ट सांगितली तेव्हा अधिकारीबाईसुद्धा हसल्या.

पण मग त्यांनी पेन ठेवलं. कार्यालयाचा माणूस म्हणाला, पाहणी पथकाने केली, गल्लीत नेमकं कोण कधी गेलं ते आता सांगता येत नाही. अधिकारीबाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण एका बाईंच्या आठवणीवर मी आराखडा बदलू शकत नाही. पाहणी बरोबर आहे असंच मला धरावं लागतं." काकांना ऐकू कमी येतं. ते माझ्याकडे बघून हसले, त्यांना वाटलं आपण जिंकलो. मागून लेक हलकेच म्हणाली, "बाबा, नाही हो."

तेव्हा शेवटच्या बाकावरून कुणीतरी उठलं.

"पाहणी मी केली," हे म्हणाले.

मी वळून बघितलं. मला आधी वाटलं, हे डबा न्यायला आले. शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात डबाच आला.

"बुधवारी केली. साप्ताहिक सुट्टीचा वार होता, मी चौकशी न करता निवासी लिहिलं. चूक माझी आहे. गल्लीची नाही."

काकू ओरडल्या, "अहो, हेच ते! चष्मा कपाळावर!" आणि खरंच होता. हे चष्मा कपाळावर घेऊन उभे होते, आणि त्यांना तो डोळ्यांवर आहे असं वाटत असणार.

खोली हसली. मी सोडून सगळे.

अधिकारीबाईंनी विचारलं, "पण बुधवारीच का गेलात?"

"पाहणीची मुदत संपत होती. ती एकच गल्ली राहिली होती."

"बाकीच्या दिवशी कुठे होतात?"

माझाच प्रश्न. माझ्या फाईलमधला पहिला. हे भिंतीकडे बघत राहिले. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आणि मला तो कठडा दिसला. परीक्षा होती त्या शाळेचं फाटक, ऊन, कठड्यावर पाण्याची बाटली घेऊन बसलेला माणूस. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी, शुक्रवारी.

"वकीलबाई, तुम्हाला काही विचारायचंय का यांना?"

मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, हे माझे यजमान आहेत. मला आत्ता कळलं. मी यांना प्रश्न विचारू शकत नाही."

हे कायद्याने बरोबर होतं. मी ते नुसतं कायद्यासाठी म्हटलं की नाही ते मला ठाऊक नाही, आणि मी ते शोधणारही नाही.

सिनियर उठले. म्हणजे ते जागे होते! "पुढचं मी बघतो," म्हणाले. "मॅडम, आमची एवढीच विनंती, गल्लीची फेरपाहणी व्हावी. कामाच्या दिवशी." अधिकारीबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे काही न विचारता लिहायला घेतलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशी संपेपर्यंत ह्यांनी घरी बसायचंय. पुढे काय होईल ते माहीत नाही. केस आता सिनियरांकडे आहे.

तीन दिवस आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलत नव्हते. ते तसेही बोलत नाहीत. शेवटी आज सासूबाईंपाशी रडले. त्या म्हणाल्या, "अगं, तुला खरंच माहीत नव्हतं? मला वाटलं, तू वकील, तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार. तो गाजर चिरत होता तेव्हा."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? परीक्षेच्या वेळी रजा मागितली होती त्याने, मिळाली नाही. तरी जायचा तुझ्याबरोबर. पहाटे उठून, दुपारनंतर, जमेल तेव्हा काम उरकायचा. मी म्हटलं होतं, बाबा रे, अंगाशी येईल. तर म्हणाला, एकच गल्ली राहिलीय, बुधवारी फेरी मारतो."

मग मी ह्यांच्याकडे गेले. खिडकीपाशी बसले होते. म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुला केस सोडावी लागली असती. पहिली होती."

"आणि मी तुम्हाला गाढव म्हणत होते ते ऐकून घेत होतात!"

"बरोबरच म्हणत होतीस."

मला हसू पण आलं आणि इतका राग आला की काय सांगू. कशाचा राग, ते लिहायला बसले तर लिहिता येत नाही. ह्यांचा? माझा? मी तेव्हा खिडकीतून बघायचे आणि हे दिसले की बरं वाटायचं, बस. त्या बरं वाटण्यापायी गल्लीला पिवळा रंग लागला, आणि त्यात काकांची लेक अडकली. यात गुन्हेगार कोण, हे मला कुठल्याच कलमात सापडत नाही.

६ मार्च, गुरुवार

आज फेरपाहणी. केस माझी नाही, पण काकूंचा निरोप आला होता, "वकीलबाई नाही आल्या तर मी सरकारी माणसाशी एक शब्द बोलणार नाही." मागच्या वेळी त्या कमी बोलल्याने झालं तेवढं पुरे, म्हणून मी निघाले. हे स्कूटर काढून उभे. म्हटलं, "तुम्हाला तिथे येता येणार नाही."

"बाहेर थांबतो."

गल्लीत नुसता दणदणाट होता. मला वाटतं काकांनी मुद्दाम सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एक जण तर रिकामी बादलीच बडवत होता. पाहणी करायला आलेली मुलगी कानात बोटं घालून फिरली. काका तिला कानाशी ओरडून विचारत होते, चहात साखर किती. लेकीने यंत्र ठेवायची जागा दाखवली, झाडून-पुसून ठेवलेली. मुलीने फळीवर लिहिलं. मी वाकून बघितलं नाही, पण लेकीने बघितलं आणि तिथेच बापाच्या पेटीवर बसून हुंदके द्यायला लागली. काकू म्हणाल्या, "आता हिला काय झालं? जिंकलो ना?"

सगळं आटपायला बराच वेळ गेला. मग काकूंनी मला सोडलं नाही.

बाहेर आले तर हे गल्लीच्या तोंडाशी कठड्यावर बसले होते. उन्हात. चष्मा कपाळावर, हातात पाण्याची बाटली. इथून आत काही दिसत नाही, पण मी आतून बाहेर बघितलं असतं तर हे दिसले असते. मी एकदाही बघितलं नव्हतं.

"कधीचे बसलायत," मी म्हटलं. "कंटाळा नाही आला?"

"छे," म्हणाले. "सवय आहे."